नाक्सोसमधलं लग्न: वादक कोणते घ्यावेत, फोटोग्राफर कसा पारखावा

प्रश्न थोडक्यात असा. वसईचं कॅथलिक कुटुंब. मुलगी नाक्सोस बेटावरच्या फिलोती गावची, ग्रीक ऑर्थोडॉक्स. लग्न सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी, मुलीच्या गावच्या चर्चमध्ये. नंतर मोकळ्या आवारात जेवण आणि नाच. पाहुणे दोनशे, त्यात वसईचे तीस. वादक आणि फोटोग्राफर यांचा खर्च मुलाकडच्यांनी उचलायचा ठरलाय. हाताशी तीन नावं आहेत: चर्चसाठी अथेन्सचा चार जणांचा व्हायोलिन-चेलोचा ताफा, जेवणासाठी डीजे, आणि सांतोरिनीत भरपूर काम केलेला एक फोटोग्राफर. यातलं काय ठेवावं?

व्हायोलिन-चेलोवाल्यांना आजच नकार कळवा. डीजे ठेवा, पण दुय्यम म्हणून. फोटोग्राफरचा निर्णय त्याचं एक अख्खं लग्न पाहिल्याशिवाय करू नका. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि ती सगळी कारणं विधीच्या क्रमातून निघतात. म्हणून आधी विधी.

ग्रीसमधल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लग्नविधीत वाद्य वाजत नाही. ऑर्गन नाही, गिटार नाही, नववधू आत येताना वाजणारी धूनही नाही. गातो तो प्साल्तिस, म्हणजे चर्चचा गायक. बायझंटाईन पद्धतीचं एकसुरी गायन असतं, कधी खाली एक धरलेला सूर, आपल्या तानपुऱ्याच्या षड्जासारखा. त्यामुळे चर्चमधल्या संगीतात तुम्हाला निवड करायची असेल तर ती एवढीच: नेहमीचा एकटा प्साल्तिस, की धर्मगुरूंना विचारून त्याच्या जोडीला आणखी दोघं-तिघं. दोनशे पाहुणे आणि दगडी घुमट असेल तर हा खर्च सार्थकी लागतो, कारण सबंध विधी गायनावरच चालतो. पण बाहेरचा गायक परस्पर ठरवू नका. तो पॅरिशच्या धर्मगुरूंचा अधिकार.

दुसरी गोष्ट वसईच्या लोकांना हमखास चकवते. मिस्सामधल्या (कॅथलिक उपासनेतल्या) लग्नात वर-वधू वचनं उच्चारतात. इथे ती नाहीत. सबंध विधीत दोघांच्या तोंडी सहसा एक शब्दही नसतो. सगळं धर्मगुरू म्हणतात आणि सगळं हातांनी घडतं. म्हणून व्हिडिओवाल्याने वराच्या कोटाला लावलेला माइक फक्त श्वास आणि कपड्याची सळसळ टिपतो. आवाज हवा असेल तर एक रेकॉर्डर प्साल्तिसच्या पुस्तकांच्या चौरंगाजवळ आणि दुसरा धर्मगुरूंच्या माइकच्या जोडणीवर लावावा लागतो. व्हिडिओवाल्याला हा एकच प्रश्न विचारा: आवाज कुठून घेणार? "वराला माइक लावतो" असं उत्तर आलं तर त्याने हे लग्न फारसं केलेलं नाही असं समजा.

विधी पाऊण ते एक तास चालतो. पहिला भाग वाङ्निश्चयाचा. धर्मगुरू अंगठ्यांना आशीर्वाद देऊन त्या उजव्या हाताच्या अनामिकेत घालतात आणि मागे उभा असलेला कुंबारोस त्या तीन वेळा अदलाबदल करतो. कुंबारोस म्हणजे निव्वळ करवला नव्हे, तो लग्नाचा धार्मिक जामीन आहे आणि तो ऑर्थोडॉक्स असावाच लागतो. मुलाचा सख्खा भाऊ कॅथलिक असेल तर ही जागा त्याला मिळणार नाही, हे घरात आधीच स्पष्ट करा. दुसरा भाग मुकुटांचा. स्तेफाना म्हणजे रेशमी फितीने एकमेकांना जोडलेले दोन नाजूक मुकुट. तेही कुंबारोस डोक्यांवरून तीन वेळा अदलाबदल करतो. मग पत्रवाचन (बायबलमधल्या पत्राचं), काना गावातल्या लग्नाचा शुभवर्तमानातला उतारा, एकाच पेल्यातून द्राक्षारसाचे तीन घोट, आणि शेवटी 'यशयाचा नाच', म्हणजे धर्मगुरूंच्या मागोमाग मेजाभोवती तीन फेऱ्या. फेऱ्या डावीकडून उजवीकडे जातात, घड्याळाच्या काट्याच्या उलट. आपल्या प्रदक्षिणेची सवय असलेला माणूस नेमका चुकीच्या कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभा राहतो.

याच फेऱ्यांच्या वेळी तांदूळ पडतात. आपल्या अक्षता हळुवार असतात. इथे वराचे मित्र मुठी भरभरून, नेम धरून मारतात. काही चर्चमध्ये आत तांदूळ टाकायला मनाई असते, मग ते दारात होतं. आत की बाहेर, हे फोटोग्राफरने आदल्या आठवड्यात धर्मगुरूंना विचारलेलं असलं पाहिजे. नाहीतर पहिल्या फेरीत तो लेन्स बदलत असतो आणि तांदूळ संपलेले असतात.

आता वादक.

ग्रीक लग्नाचं संगीत नावाची एकच वस्तू नाही. एपिरसच्या डोंगरात क्लारिनो म्हणजे क्लॅरिनेट राज्य करतं, क्रीटमध्ये लिरा आणि लाऊतो, पश्चिम मॅसेडोनियात पितळी वाद्यांचा ताफा, नाऊसाकडे झुर्नास आणि दाऊली (आपल्या सनई-ढोलाचेच भाऊबंद), काळ्या समुद्राकाठच्या पोंतोसहून आलेल्या निर्वासितांच्या वंशजांकडे उभी धरून वाजवायची त्यांची स्वतःची लिरा. बुझुकी हे शहराचं आणि बंदरांचं वाद्य. परदेशी पाहुण्यांना ग्रीस म्हणजे बुझुकी वाटतं आणि हॉटेलवाले तेच पुढे करतात. ज्या 'सिर्ताकी' नाचाची तुमचे पाहुणे वाट बघतील तो तर 1964 च्या एका चित्रपटासाठी रचलेला आहे. गावचे म्हातारे तो हसून नाचतील, पण त्याला आपला म्हणणार नाहीत.

नाक्सोस सायक्लेडीज बेटांपैकी. इथली जोडी व्हायोली आणि लाऊतो. व्हायोली म्हणजे नेहमीचंच व्हायोलिन, पण गमकांची आणि छोट्या मुरक्यांची चाल वेगळी. लाऊतो म्हणजे लांब मानेचं, चार जोड्यांत आठ तारांचं वाद्य. ते सुरावट वाजवत नाही, ठेका धरतं. नाच चालतो तो लाऊतोवर. जुन्या धाटणीत त्साबूना ही चामड्याच्या पिशवीची पुंगी आणि छोटा ढोल असतो. अर्ध्या तासासाठी ही जोडी मिळाली तर फार सुंदर, पण रात्रभर दोनशे लोकांना पुरत नाही.

म्हणून पहिली पायरी: वादक वधूच्या गावाच्या नाचणाऱ्यांना विचारून घ्या. तुमच्याकडच्या तीस जणांना कुठलंही व्हायोलिन गोडच वाटेल. फिलोतीच्या दीडशे माणसांना मात्र दोन मिनिटांत कळतं की वादक नाक्सोसचा आहे की अथेन्सहून पुस्तकातल्या चाली शिकून आलाय. ते उठून नाचतील की बसून राहतील हे त्यावर ठरतं. वधूच्या मामाला किंवा काकाला विचारा: घरातल्या मागच्या लग्नात कोण वाजवत होतं, आणि आज कुणाला बोलवाल? दोन-तीन नावं हमखास पुन्हा पुन्हा येतील. शक्य असेल तर आदल्या वर्षी 15 ऑगस्टला, मरियेच्या सणाला, फिलोतीत जा. त्या जत्रेत व्हायोलिनवाले तासन् तास वाजवतात आणि कुणाच्या वाजवण्याने चौक भरतो ते डोळ्यांनी दिसतं.

जाता आलं नाही तर ध्वनिचित्रफीत मागा, पण जाहिरातीसाठी कापलेली दीड मिनिटाची नको. रात्री एक-दोनच्या सुमाराची, कुणाच्याही मोबाइलवरची, सलग दहा मिनिटांची मागा. ती बघताना वादकाकडे बघू नका, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघा. हात धरून केलेल्या साखळीच्या टोकापासून (म्हणजे पुढे नाचणाऱ्यापासून) शेपटापर्यंत पाय एकदम पडत असतील तर लाऊतो पक्का आहे. शिवाय एक गाणं संपताना दुसरं कसं सुरू होतं ते ऐका. कसलेला व्हायोलिनवाला थांबत नाही. सिर्तोस या साखळीच्या नाचातून बालोस या जोडीच्या नाचात असा वळतो की नाचणारे जोडीजोडीने सुटे होतात आणि कुणाला सांगावं लागत नाही. जो प्रत्येक गाण्यानंतर थांबून "पुढचं कुठलं?" असं बघतो, त्याच्यासोबत रात्र रेंगाळते.

तालाची थोडी तोंडओळख असेल तर हे पारखणं सोपं जातं. मुख्य भूमीवरचा आणि जवळजवळ प्रत्येक लग्नात एकदा होणारा कालामातियानोस हा नाच सात मात्रांचा आहे, विभागणी 3-2-2. म्हणजे थेट आपला रूपक, फक्त लय चढी आणि पहिल्या मात्रेला खाली नव्हे तर वजन. बेटांचा सिर्तोस मात्र सम मात्रांचा, वाहता. झेइबेकिको नऊ मात्रांचा, संथ, आणि तो एकट्याने नाचायचा. तुमच्याकडचं कुणी उत्साहाने त्या नाचणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहिलं तर तो अपमान समजला जाऊ शकतो. बाकीच्यांनी गुडघा टेकून टाळ्या द्यायच्या, बस.

ताफ्यात किती माणसं? मिरवणुकीला दोन पुरतात. तिला पातिनादा म्हणतात: वादक वराला त्याच्या मुक्कामावरून घेतात, मग कुंबारोसकडे, तिथून वधूच्या दारी आणि चर्चपर्यंत वाजवत नेतात. आपली वरात आणि ही यांत फरक एवढाच की आवाजाचे कर्णे नसतात, गल्ल्या अरुंद आणि पायऱ्यांच्या असतात. चर्चच्या उंबरठ्याशी वाद्य थांबतं. विधी संपून जोडपं बाहेर आलं की पुन्हा सुरू. म्हणून वादकांचा ठरलेला वेळ मिरवणुकीपासून मोजा, आणि मधल्या तासाभराच्या शांततेचे पैसे धरलेत की नाही ते विचारून घ्या.

रात्रीच्या नाचाला, ज्याला ग्लेंदी म्हणतात, व्हायोलिन, लाऊतो, दुसरा लाऊतो किंवा गिटार आणि एक गाणारा आवाज असे चार जण योग्य. बरेच ताफे यात की-बोर्ड आणि ड्रम घालून देतात. आवाज मोठा होतो, व्हायोलिन बुडतं. दोनशे माणसांना त्याची गरज नाही. उघड्यावर नाचाच्या जागेकडे तोंड केलेले दोन चांगले स्पीकर, एक सबवूफर आणि व्हायोलिन-लाऊतोवर वेगवेगळे पिकअप एवढं पुरे. वीज ग्रीसमध्येही 230 व्होल्टच असते. अडचण वेगळीच येते: शेतातल्या आवारात स्वयंपाकघराचे फ्रीज, सजावटीचे दिवे आणि ध्वनियंत्रणा एकाच लाइनवर असतात आणि पहिल्या सिर्तोसला फ्यूज उडतो. ध्वनियंत्रणेला स्वतंत्र लाइन आहे का, हे जागामालकाकडून लेखी घ्या.

वाऱ्याचं विसरू नका. एजियनमधला मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जोरदार, पण सप्टेंबरमध्येही मधूनच उठतो. मंच उत्तरेकडच्या भिंतीच्या आडोशाला, वादकांची पाठ वाऱ्याकडे, अशी रचना करा. माइकवर फोमची टोपी हवीच. हाच वारा जहाजंही अडवतो. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून नाक्सोसला साध्या जहाजाने पाचेक तास लागतात, वेगवान बोटीला चार. वारा साधारण 8 ब्युफोर्टवर (हे वाऱ्याच्या जोराचं माप) गेला की जहाजं बंदरातच ठेवतात, आणि वेगवान बोटी त्याआधीच बंद पडतात. बेटाबाहेरून येणारा प्रत्येक माणूस, मग तो डीजे असो वा फोटोग्राफर, शुक्रवारी सकाळपर्यंत बेटावर पोचलेला असला पाहिजे. एक रात्रीचं जादा भाडं परवडतं. बेटावरचेच वादक घेण्याचं हेही एक रोकडं कारण आहे.

पैशांचं. बिदागी ठरवताना खार्तूराचा विषय आधी काढा. खार्तूरा म्हणजे नाचाचं टोक धरणारा किंवा त्याचे नातेवाईक वादकांना देतात त्या नोटा. तमाशातली दौलतजादा आठवा, तोच मामला. एपिरसमध्ये तर नोट थेट क्लारिनोवाल्याच्या कपाळावर चिकटवतात. हे पैसे वादकांचेच असतात. काही ताफे खार्तूरा गृहीत धरून बिदागी कमी सांगतात. अशा वेळी पाहुण्यांनी हात आखडता घेतला तर पहाटे वाजवणं सुस्तावतं. काही ताफे पूर्ण बिदागी घेतात आणि नोटा वरकमाई. कुठला प्रकार आहे ते स्पष्ट विचारा आणि तुमच्या तीस जणांना पाच-दहा युरोच्या सुट्या नोटा खिशात ठेवायला सांगा. नाण्यांचा वर्षाव नको.

करारात या गोष्टी असाव्यात: व्हायोलिन वाजवणाऱ्याचं नाव (ताफ्याचं नाव नव्हे, कारण ऐन मोसमात एकाच नावाने दोन ताफे निघतात), तो आजारी पडल्यास बदली कोण, सुरुवात-शेवट, त्यापुढच्या दर तासाचा दर, विश्रांती किती, जेवण कुणाचं, रक्कम 24 टक्के व्हॅट धरून की सोडून. इसार म्हणून तीस टक्क्यांवर जाऊ नका. रात्री किती वाजेपर्यंत वाजवता येईल हे वादक ठरवत नाही. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात रात्री 11 ते सकाळी 7 आणि दुपारी 3 ते साडेपाच शांततेची वेळ आहे, आणि त्यापुढे वाजवायला जागेकडे नगरपालिकेचा परवाना लागतो. जागामालकाने "इथे कुणी काही म्हणत नाही" असं सांगितलं तरी परवान्याची प्रत मागा. गावात एक शेजारी असतोच.

डीजे कशाला ठेवायचा, तर जेवणाच्या वेळची मंद गाणी, जोडप्याचा पहिला संथ नाच आणि पहाटेचा तरुणांचा धुडगूस यासाठी. तुमची मराठी-हिंदी किंवा वसईची गाणी हवी असतील तर वीस मिनिटांचा एक सलग तुकडा ठरवा. गाणी पेन ड्राइव्हवर द्या, आवारातल्या इंटरनेटवर विसंबू नका. हा तुकडा जेवणानंतर लगेच किंवा रात्री दोननंतर ठेवा. वधूच्या नाचाच्या मध्ये मुळीच नको.

वधूचा नाच हा रात्रीचा कणा आहे. ती साखळीचं टोक धरते, तिच्या दुसऱ्या हाताला रुमाल, आणि मग कुंबारोस, आईवडील, सासू-सासरे, भावंडं असे एकेक जण ठरलेल्या मानाने तिच्या जवळ येतात. तुमच्या बाजूचा क्रम आधीच वधूच्या आईशी बसून लिहून काढा आणि कागद व्हायोलिनवाल्याला द्या. तो नजरेने माणसं बोलावतो. कागद नसेल तर वसईची मावशी शेवटपर्यंत बसून राहते आणि मग वर्षभर विषय निघतो. साखळीत शिरायचं ते मधून किंवा शेपटाकडून. टोकाला कधीच नाही. आदल्या संध्याकाळी अंगणात तासभर सिर्तोसची पावलं गिरवून घेतली तर तीस जण सहज मिसळतात. नाक्सोसच्या डोंगरगावांत, विशेषतः अपिरांथोसमध्ये, जागच्या जागी जोडलेले यमकी दोहे म्हणतात, कोत्साकिया. वधू-वरांवर दोहे होतील. व्हिडिओवाल्याला ते पूर्ण रेकॉर्ड करायला सांगा, कापायला नको.

आता फोटोग्राफर.

सांतोरिनीचा फोटोग्राफर वाईट असेल असं नाही. पण तिथली बरीच कामं ही परदेशी जोडप्यांची, कड्यावरच्या गच्चीत, सूर्यास्ताला, वीस पाहुण्यांत होतात. उजेड मुबलक, विधी छोटा, कुणी मध्ये येत नाही. तुमचं लग्न अंधाऱ्या चर्चमध्ये आहे, गर्दी मेजाला चिकटलेली असते, आणि पुन्हा करून दाखवा म्हणता येत नाही. म्हणून त्याच्याकडून निवडक चाळीस फोटो बघू नका. ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या, संध्याकाळच्या, एकाच लग्नाचे सगळे दिलेले फोटो बघा. सहाशे असोत की हजार. त्यात हे शोधा:

अंगठ्यांच्या अदलाबदलीत कुंबारोसचे हात आणि दोघांचे चेहरे एकाच चौकटीत आहेत का. मुकुटांच्या तिन्ही वेळा आहेत की एकच. आणि पत्रवाचनाच्या शेवटी पायांचा फोटो आहे का. 'पत्नीने पतीचा आदर धरावा' या अर्थाची ओळ येते (मूळ शब्दांत 'इना फोवीते तोन आन्द्रा'). त्या क्षणी वधू वराच्या पायावर पाय देते आणि अख्खं चर्च हसतं. विधी ओळखणारा फोटोग्राफर 'फोवीते' ऐकायच्या आधीच खाली वाकलेला असतो. न ओळखणाऱ्याकडे फक्त हसणाऱ्या माणसांचे फोटो असतात.

जागेचा प्रश्न मोठा आहे. वर-वधू पूर्वेला, वेदीकडे तोंड करून उभे असतात, म्हणजे पाहुण्यांकडे पाठ. कॅथलिक चर्चमध्ये मधल्या वाटेतून निघणारे फोटो इथे पाठीचेच निघतात. चेहरे दिसतात ते चित्रपटलाच्या बाजूने, म्हणजे वेदीसमोरच्या प्रतिमांच्या भिंतीच्या कडेने. वधू वराच्या डाव्या हाताला असते आणि मुख्य प्साल्तिस बहुधा उजवीकडे. म्हणून डावी, उत्तरेची बाजू दोन कारणांनी बरी: गर्दी कमी आणि वधू पुढे. भिंतीपलीकडे, पवित्र भागात, पाऊल टाकायचं नाही. मेज आणि धर्मगुरू यांच्या मधून जायचं नाही. दुसरा फोटोग्राफर मागे किंवा वरच्या सज्जात, आणि व्हिडिओवाला मुख्य फोटोग्राफरच्याच बाजूला, त्याच्या खांद्यामागे. समोरासमोर उभे राहिले की दोघं एकमेकांच्या प्रत्येक चौकटीत येतात. फोटो आणि व्हिडिओ वेगवेगळ्या लोकांकडून घेतलात तर त्यांची एकदा गाठ घालून द्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

दोन फोटोग्राफर हवेतच, ही चैन नव्हे. दुपारी वराची दाढी होते, मित्र आणि वादक भोवती असतात. त्याच वेळी दुसऱ्या घरी वधू सजते, तिच्या बुटाच्या तळव्यावर अविवाहित मैत्रिणींची नावं लिहितात. शिवाय वर आधी चर्चच्या दारात पुष्पगुच्छ घेऊन वाट बघत असतो आणि वधू उशिराच येते. एक माणूस दोन्हीकडे पुरत नाही. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी क्रेवाती होते: नव्या पलंगावर चादर घालणं, पैसे आणि साखरेचे बदाम उधळणं, त्यावर तान्हं मूल लोळवणं. तो अर्धा तास पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. वसईच्या लोकांना आपली हळद आठवेल असा तो प्रसंग आहे आणि नेमका तोच बहुतेक पॅकेजमध्ये नसतो.

उजेड. चर्चमध्ये मेणबत्त्या, झुंबराचे पिवळे दिवे, कुठेतरी पांढरा एलईडी आणि दारातून निळसर संध्याकाळ, असे चार रंग एकत्र असतात. चुन्याने रंगवलेल्या चर्चमध्ये फ्लॅश छतावर उडवला की मऊ उजेड परत येतो. जुन्या, भित्तिचित्रांच्या चर्चमध्ये काळवंडलेलं छत काहीच परत देत नाही, आणि चित्रांमुळे फ्लॅशला बंदीही असू शकते. फ्लॅशशिवाय काम करायचं तर 35 आणि 85 मिलिमीटरची, 1.4 किंवा 1.8 छिद्राची लेन्स हवी. 2.8 च्या झूमवर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 6400 च्या पुढे ढकलावा लागतो. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. 50 हर्ट्झच्या विजेला 1/50 किंवा 1/100 सेकंद धरलं की बहुतेकदा टळतात. व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा मात्र करारात लिहून बंद करा. तो लागला की मेणबत्त्यांचं चर्च दुकानासारखं दिसतं.

वेळेचं गणित आता मांडून बघा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाक्सोसला सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. विधी सहाला ठरला, वधू वीस मिनिटं उशिरा आली, विधी पन्नास मिनिटं चालला, की सव्वासात वाजलेच. त्यानंतर दोनशे लोक रांगेने शुभेच्छा देतात, त्याला अर्धा-पाऊण तास. म्हणजे जोडप्याचे उजेडातले फोटो गेले. उपाय दोन: धर्मगुरूंना साडेचार-पाचची वेळ मागणं, किंवा ग्रीक पद्धतीने दुसऱ्या दिवशी निवांत फोटो काढणं. तिथले फोटोग्राफर याला 'नेक्स्ट डे' म्हणतात आणि बहुतेक जण पॅकेजमध्ये देतात. दुसरा उपाय जास्त बरा. पाहुण्यांना ताटकळत ठेवावं लागत नाही, आणि लग्नाच्या कपड्यांत खडकांवर चढण्याची चिंता राहत नाही.

दुसऱ्या दिवशी जाण्याची जागा म्हणून सगळे पोर्तारा सुचवतील: बंदराजवळ उभी असलेली अपोलोच्या अपुऱ्या मंदिराची संगमरवरी चौकट, इसवी सनपूर्व सहाव्या शतकातली. संध्याकाळी तिथे माणसांची रांग असते आणि वारा बुरखा उडवतो. सकाळी सातला जा. पुरातत्त्व स्थळावर व्यावसायिक छायाचित्रणाला संस्कृती मंत्रालयाची परवानगी लागते, ती फोटोग्राफरने आधी काढावी. ड्रोनचंही तसंच: युरोपीय नियमांनुसार नोंदणी, 120 मीटरची उंची, आणि जमलेल्या गर्दीवरून उडवायला बंदी. म्हणजे चर्चच्या अंगणात दोनशे डोक्यांवरून घेतलेलं दृश्य नियमात बसत नाही. त्यातून छोटी ड्रोन 10-11 मीटर प्रति सेकंद वाऱ्यापर्यंतच टिकतात. मेल्तेमीच्या दिवशी ते पैसे गेलेच. ड्रोन वेगळ्या ओळीत लावा, न उडवल्यास वजा.

विधी चर्चच्या अंगणात झाला तर हिशोब बदलतो. दार पश्चिमेला, जोडपं पूर्वेला तोंड करून, आणि मावळता सूर्य त्यांच्या पाठीशी. दाराजवळच्या फोटोग्राफरच्या लेन्समध्ये ऊन थेट शिरतं, चेहरे काळे. अनुभवी माणूस मेज थोडं भिंतीच्या सावलीत सरकवायला धर्मगुरूंना विनंती करतो. तुमच्याकडे चर्चच्या आतच आहे, तरी हे विचारून ठेवा, कारण गरमी आणि गर्दी बघून आयत्या वेळी अंगणात जायचं ठरू शकतं.

रात्रीच्या नाचात फोटोग्राफरने साखळी कुठल्या दिशेने फिरते हे ओळखलं पाहिजे. तीही घड्याळाच्या उलट. टोकाचा नाचणारा समोर येईल अशा जागी वाट बघायची, मागे धावायचं नाही. वर्तुळाच्या आत बसून काम केलेलं चालतं. टोकाचा आणि त्याच्यानंतरचा यांच्यामधला रुमाल तोडायचा नाही.

करारात एवढं लिहून घ्या: दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारे कॅमेरे, बेट सोडण्याआधी दोन प्रती वेगवेगळ्या माणसांकडे, फोटो किती आठवड्यांत, आणि आईवडिलांच्या छोट्या अल्बमची किंमत. ग्रीक कुटुंबांत छापील अल्बम अजूनही अपेक्षित असतो, दोन्ही घरांना एकेक.

तारीख बदलायची वेळ आली तर दोन दिवस टाळावे लागतील: 14 सप्टेंबर, क्रुसाच्या सणाचा कडक उपवास, आणि त्याआधी 29 ऑगस्ट. 1 ते 15 ऑगस्टलाही चर्चमध्ये लग्न लागत नाही. आंतरपंथीय परवानगीची कागदपत्रं वसईच्या फादरांकडून आधी सुरू करा, कारण त्याशिवाय तिथले धर्मगुरू तारीख पक्की करत नाहीत, आणि तारखेशिवाय व्हायोलिनवाला इसार घेत नाही. (हेच वाचणाऱ्या हिंदू कुटुंबांसाठी: बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीचं लग्न ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लागत नाही. 1982 पासून असलेला नागरी विवाह करावा लागतो. तो पंधरा मिनिटांत संपतो, मग वरचं चर्चचं सगळं सोडा, वादकांचं मात्र तसंच धरा.)

आता या आठवड्यात करायचं काम: वधूच्या मामाला फोन, आणि फोटोग्राफरला एक ओळीचा निरोप, "फक्त एका चर्चमधल्या लग्नाचे सगळे फोटो पाठवा."